लायटीच्या गिरमिटाचा नमुना

...अन् तो मले म्हनते, नमुना आना! आता तुमीच सांगा, मानूस दुकानात कायले जाते? आपल्यापाशी नाई ते आनाले जाते, का आपल्यापाशी आहे ते दाखवाले जाते? म्या म्हनलं, लक्ष्मणरावजी, तो माह्यापाशी असता तं मी तळेगावहून आर्वीपर्यंत एसटीत एका पायावर उभा राहून आलो असतो काय जी? तं तो चष्मा नाकावर सरकवून म्हनते, "ते सारं खरं नत्थूजी, पन नमुना आना!"

बसा जी, बसा, उभे काऊन राह्यले? आर्वीची गाडी यायले अजून टाइम आहे. सरक रे तानबा, पाहुन्यायले टेकू दे... हे थैली का? राहू द्या, माह्या मांडीवरच राहू द्या, जड आहे. थैलीत मशीन आहे. म्हनजे थैलीत मशीन आहे, पन मशीनीत काई नाई. हसू नका जी, सांगतो. पन मले सुरवातीपासून सांगा लागते, मधातून सांगतलं का माहं मलेच समजत नाई.

तं मी नत्थूजी, सुतार. इथचाच, तळेगावचा. गावातल्या कोन्त्याही चार दारायले हात लावून पाहा, त्यातलं एक माह्या हातचं निंगन. अन् हे जे थैलीत आहे ना, याले शहरातले लोकं ड्रिल मशीन म्हनते, आमच्याइथी सारे लायटीचं गिरमिट म्हनते. हातानं फिरवाचं गिरमिट वेगळं अन् हे वेगळं. बटन दाबलं का हे आपलंआपन फिरते, लाकडाले भोक पाडते, आपन फक्त धरून राह्यचं. माहे मेव्हने सदाशिवराव पुलगावले गिरनीत होते, त्यायनं कोन्त्या तरी नीलामात घेतलं अन् मले आनून देल्लं. म्हने, "नत्थूजी, तुमचा खांदा गेला, आता हातानं गिरमिट फिरवू नका." कारन माहा हा उजवा खांदा एका साली ओंडक्याखाली सापडला, तवापासून रंधा जमते, करवत जमते, पन हात गोल फिरवला का अशी कळ जाते का डोयासमोर काजवे! आष्टीच्या डॉक्टरनंही तेच सांगतलं, गोल फिरवनं बंद.

आता मशीन म्हनान तं एकदम विलायती. वजन इतकं का एका हातात धरून चाललं तं मानूस वाकडा दिसते. चालू केलं का या शेजारच्या तानबाच्या घरचा रेडिओ खरखर कराले लागते. अन् कंपनीच्या पाटीवरचं सारं घासून गेलं, इंग्रजीतलं "मेड इन" एवढंच राह्यलं. कुठी बनलं, कोनं बनवलं, काई नाई. दुकानदार इचारते, कोन्त्या कंपनीचं आहे? म्या म्हनतो, मेड इन कंपनीचं! मंग तो म्हनते... काय म्हनन? नमुना आना!

हो हो, येतो, तिथीच येतो. मांगच्या सालची गोष्ट सांगून राह्यलो मी. खंडेनवमी होती. आता खंडेनवमीले आपन अवजारं पुजतो, हे काई तुमाले सांगा लागत नाई. रंधा, करवत, वाकस, पटाशा, सारं धुऊन पुसून पाटावर मांडलं, मधात हे लायटीचं गिरमिट ठेवलं, अन् देवका आली ताट घेऊन. देवका म्हनजे माही बाईको. हात असा सढळ का भाजीत तेल असो का देवाले फूल असो, कमी म्हनून ठाऊकच नाई. तिनं कुंकवात तांदूळ भिजवून अक्षदा केल्त्या, लालभडक, ओल्ल्या. रंध्यावर चार दाने टाकले, करवतीवर चार दाने टाकले, अन् लायटीच्या गिरमिटावर मूठभर! म्या म्हनलं, अवं, त्याच्यावर एवढ्या काऊन? तं म्हनते, "ते माह्या भावानं देल्लं आहे ना जी!" माहेरच्या वस्तूले जास्तीचा मान, चालू द्या म्हनलं.

नवमी झाली, दसरा झाला, सोनं वाटून झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हात जोडले, पिन लावली, बटन दाबलं... घुर्र... र्र... कट्! गप. पुन्हा दाबलं. गप. हालवलं, ठोकलं, गोंजारलं, देवकाच्या भावाचं नाव घेऊन दाबलं... गप म्हनजे गप!

अन् हे कवा? तं कोकिळाचं लगीन मार्गशीर्षात धरलं होतं तवा. कोकिळा माही एकुलती एक पोरगी. तिच्या पलंगासाठी म्या सागवानाच्या फळ्या सात वर्षं माळ्यावर ठेवल्त्या जी, सात वर्षं! गावात किती लोकं आले मांगाले, नत्थूजी एक फळी द्या, चौकटीले द्या, पाटाले द्या. नाई म्हंजे नाई. दुनियेच्या पोरीयचे पलंग म्या केले, अन् माह्या पोरीनं दुकानातला पलंग घेऊन जावा? सासरचे लोकं काय म्हनतीन, सुताराची पोर अन् इकतचा पलंग? पट्ट्या, बाजूचे लांब गाते, पाय, सारं रंधून तयार होतं. राह्यलं होतं फक्त भोकं पाडनं. चौसष्ट भोकं! अन् सात वर्षं वाळलेलं सागवान, ते काई पोह्याचं पोतं आहे का कोनीही टोचावं?

तवा हा तानबा मले रोज इचारे, "नत्थूभाऊ, हातच्या गिरमिटानं काऊन नाई करत जी?" इचारे का नाई रे? मी रोज खांदा दाखवो, अन् हा रोज पुन्हा इचारे. शेवटी म्हने मी पाडून देतो. याले एक भोक पाडाले देल्लं. आर्वीच्या दिशेनं सुरू केलं अन् निंगालं आष्टीकडे! ती पट्टी अजून ठेवली आहे म्या, आता याच्या घरच्या कोंबड्यायच्या खुराड्याले लावून देतो.

तं मंग महादेवरावले बलावलं. महादेवराव म्हनजे गावातल्या पंपाच्या साऱ्या मोटारी बांधनारा मानूस. तो आला, बसला, चहा पेला, मशीन उचलून कानाले लावलं, डोये मिटले. म्या म्हनलं, खोलून तं पाहा. म्हनते, "खोलाची गरज नाई जी. आवाजावरून समजते." म्या म्हनलं, अरे पन आवाजच तं नाई येऊन राह्यला! म्हनते, "तेच तं सांगून राह्यलो. कारबन गेले."

कारबन म्हनजे काई मोठी चीज नाई. बोटाच्या पेराएवढे दोन काळे चौकोनी तुकडे, एक उजवीकडे, एक डावीकडे, मांगं स्प्रिंग. तेच अंदरच्या फिरत्या भागाले करंट पोचवते. तेवढे घासले का मशीन बंद. नवे टाकले का चालू. "आर्वीले लक्ष्मणरावच्या दुकानात भेटन," म्हने, "दहा मिनिटाचं काम आहे." दहा मिनिटाचं काम! मानसानं एवढ्या आरामात कोनाचा जल्म कसा घालवावा, हे महादेवरावपासून शिकावं.

आर्वीले गेलो. बोटानं दाखवलं, येवढं असते, काळं असते. तं पुढचं सांगतलंच तुमाले... नमुना आना! वापस आलो. मशीनीचं उजवीकडचं टोपन खोललं, कारबन काढला, अन् आता सुताराची सवय पाहा, कोन्ताही जोड खोलला का पयले खूण कराची, नाई तं बसवतानी उजवा पाय डावीकडे जाते. पटाशीच्या टोकानं त्याच्यावर एक बारीकशी रेघ मारली. उजव्याले एक रेघ. कागदात बांधला, पुन्हा आर्वी. लक्ष्मणरावनं उजेडात धरून पाह्यला, उलटा करून पाह्यला, वास घेतला... वास कायले घेतला देव जाने! अन् म्हने, "नाई आहे."

नाई आहे! म्या म्हनलं, मंग नमुना कायले आनाले लावला? म्हने, "नमुना पाह्यल्याबिगर नाई कसं म्हनाचं जी? कोनाले असं हवेत नाई म्हननं बरं दिसते काय?" आता हा मानूस भला आहे, खोटं बोलत नाई, माप कमी देत नाई, पन त्याच्या भलेपनानंच मी मेलो. म्हने, "नमुना ठेवून जा. आमचा मानूस दर मंगळवारी दुपारच्या गाडीनं वर्ध्याले जाते, आन्नाजीच्या दुकानातून आनन." ठेवला. एक मंगळवार गेला. दुसरा मंगळवार गेला. तिसऱ्या मंगळवारी मी जाऊन उभा राह्यलो तं म्हने, "नमुना वर्ध्याले आहे, नत्थूजी. तिथूनच काई आलं नाई." मंग मीच वर्ध्याले गेलो.

आन्नाजी म्हनजे एकदम शांत मानूस. मांगं टेकून बसलेला, एक एक शब्द मोजून बोलते. म्हने, "हो. आला. नमुना. पन एकच आला." म्या म्हनलं, मंग? "एकावरून जोडी कशी मागवनार? उजवा डाव्यापेक्षा जास्ती घासला असन तं? दुसरा नमुना आना. स्प्रिंगसकट." अन् डोये मिटले! मुक्काम वर्ध्यालगतच्या बोरगाव मेघेले, माह्या बहिनीकडे, विमलाबाईकडे. तिथी गेलो तं ते म्हनते, "दादा आलास, बरं झालं, त्या पाटाचा पाय हालून राह्यला." पाट ठोकून देल्ला, तळेगावले आलो, डावीकडचं टोपन खोललं, दुसरा कारबन काढला, त्याच्यावर दोन रेघा मारल्या, स्प्रिंग घेतली, पुन्हा वर्धा, आन्नाजीच्या हातात देल्ला. आन्नाजीनं डोये उघडले. "आता जोडी झाली," म्हने, "नागपूरले पाठवतो. आठ दिवसांनी या." बहिनीच्या घरी चौरंग दुरुस्त करून वापस.

आठ दिवसांनी गेलो. "नागपूरहून आलं नाई." बहिनीचा दुसरा पाट. पुन्हा आठ दिवस. "आलं नाई." आता बहिनीच्या घरी हालनारं लाकडी असं काई राह्यलंच नाई, तिची सासू आपल्या काठीचं टोक घासून द्या म्हने, ते देल्लं घासून.

अन् हिकडे घरी काय? हिकडे पाहुन्यायले निरोप गेले, मांडवाच्या बल्ल्या आल्या, अन् माह्या पलंगाचे चार पाय भिंतीले टेकून उभे. एका सांजीले मी तसाच ओसरीत बसलो होतो, कोकिळा पानी घेऊन आली अन् हळूच म्हनते, "बाबा, तुम्ही नका हो जीव जाळू. पलंग नाई झाला तं काय होते? मी खाली सतरंजीवर झोपीन." आता सांगा, असं पोरीनं म्हनल्यावर बापानं काय करावं? चिडली असती तं चाललं असतं, रडली असती तं समजूत घातली असती, पन ते आपलं मलेच समजावून राह्यली! मले त्या रोजी इतकं वाईट वाटलं का पान्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. म्या म्हनलं, बस, आता नमुना नाई अन् आन्नाजी नाई, मशीनच घेतो अन् नागपूरले जातो.

हेच मशीन, अन् हेच थैली. नागपूरले उतरलो, दुकानं फिरलो, एक नाई, दोन नाई, खांद्याले थैलीचा पट्टा रुतला. सारीकडे तेच! पयला म्हनते, "सैंपल है?" म्या म्हनलं, सैंपल हैं भाईसाब, एक आर्वीसे वर्धा गया, फिर जोडी वर्धासे नागपूर आयी, आगे का मालूम नहीं. तो म्हनते, "तो सैंपल लाओ!" दुसऱ्याले सरळ मशीनच दाखवलं. तं चिडला. "मशीन का क्या करूं? पार्ट दिखाओ!" म्या म्हनलं, पार्ट नहीं है इसी वास्ते तो आया ना बाप्पा! "पार्ट नहीं है तो हम कैसे समझें कौन सा पार्ट?" त्याचंही बरोबर आहे जी. अन् माहंही बरोबर आहे. साऱ्यायचंच बरोबर आहे, फक्त मशीन चालत नाई!

शेवटी एका गल्लीत, एकदम कोपऱ्यात, एक जुनं दुकान. म्हातारा दुकानदार, जाड भिंगाचा चष्मा. त्यानं मशीनच्या बाजूच्या भोकात बोट घालून पाह्यलं, अन् सैंपल बिंपल काई म्हनला नाई! पयला मानूस! उठला, फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला, त्यात हात घातला, खळखळ खळखळ, अन् दोन कारबन काढून माह्या तळहातावर ठेवले. "ये देखो. एक ही जोड़ी है. पुराना माल, विलायती. अब ऐसा माल बनता नहीं." म्या त्या अंधाऱ्या दुकानात तिथीच एक लावून पाह्यला. अहाहा! असा बसला का जसा याच्यासाठीच जल्माले आला. भाव नाई केला, म्हातारा म्हनला ते देल्लं, त्याचे पाय धराचेच बाकी होते. कारबन काढून खिशात ठेवले, अन् नागपूर ते तळेगाव खिशावरचा हात काढला नाई म्या. सकाळ व्हाची वाट पाह्यली.

सकाळी ओसरीत बैठक भरली. मी, देवका, कोकिळा, महादेवराव, अन् हा तानबा, हा तं येतेच. मी पिन लावनार तं देवका म्हनते, "थांबा जी, नागपूरची धूळ खाऊन आलं ते, पुसून तं घेऊ द्या." मशीन घेतलं, उलटं केलं, फडक्यानं दोन थापा मारल्या... अन् टप्पकन त्याच्यातून काई तरी खाली पडलं. एक दाना. तांदळाचा. लाल! खंडेनवमीची अक्षदा! देवकानं उचलला, कपायाले लावला, अन् नेऊन देव्हाऱ्यात ठेवला.

मंग म्या खिशातून कारबन काढला, उजवीकडे बसवाले बोटात धरला, अन् सवयीनं खूण पाह्यली... तं खूण होती जी. एक रेघ.

दुसरा काढला. दोन रेघा.

आता तुमी म्हनान, नत्थूजी, तुमी काय केलं? म्या काई नाई केलं. एक रेघवाला उजवीकडे बसवला, दोन रेघावाला डावीकडे बसवला, टोपनं लावली, बटन दाबलं... घुर्रर्रर्र! असं चाललं का तानबाच्या घरचा रेडिओ पार बंदच पडला! कोकिळा टाळ्या वाजवून हसली. अन् महादेवराव मांडीवर थाप मारून म्हनते, "म्या म्हनलं नोतं? कारबन गेलते!"

आता तुमाले समजलं, मलेही तवाच समजलं. कारबन गेलेच नोते! तो अक्षदेचा दाना हवेच्या भोकातून अंदर गेलता अन् कारबनच्या खाली अडकून बसलता, कारबन टेकेच ना, करंट पोचेच ना. मशीन उलटं करून दोन थापा मारल्या असत्या तं दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी चालू झालं असतं. अन् म्या काय केलं? चांगले कारबन काढून लक्ष्मणरावले देल्ले, लक्ष्मणरावनं आन्नाजीले, आन्नाजीनं नागपूरच्या कोनाले, अन् त्या साऱ्यायनं इमानदारीनं आपल्या हातानं पुढं सरकवले, म्हाताऱ्यानं पुराना माल समजून डब्यात टाकले, अन् म्या माह्याच मशीनचे कारबन नागपूरले जाऊन इकत आनले! कोन खोटं बोललं? कोनीच नाई. साऱ्या जिल्ह्यात एक मानूस खोटा असता तं म्या भांडलो तरी असतो!

अन् हे घरी सांगाचं कसं? देवकाले म्हनू का, तुह्या अक्षदेनं मशीन बंद पाडलं? पोरीचं लगीन आठ दिवसांवर, घरात पाहुने, तिचा भाऊ सदाशिवराव दारात... गप बसलो. चौसष्ट भोकं पाडली, पलंग उभा केला, पॉलिश केलं. कोकिळा सासरी गेली तवा मांगून छकड्यात पलंग गेला, अन् मी वेशीपर्यंत त्या पलंगाच्या पायाले हात लावून चालत गेलो. लोकायले वाटलं पोरीसाठी रडून राह्यला. पोरीसाठीच रडलो जी, पन थोडंसं त्या पलंगासाठीही रडलो, खोटं कायले सांगू?

झालं, संपलं असतं इथी. पन म्या गप बसलो ना, तिथीच चुकलं. कारन देवकानं त्याचा आपल्या मनानं अर्थ लावला. तिचं म्हननं असं, का एवढे दिवस मशीन बंद, वर्धा झालं, नागपूर झालं, अन् ज्या घडीले अक्षदा खाली पडली त्या घडीले मशीन चालू! म्हनजे देवीनं कौल देल्ला! साऱ्या आळीत सांगून आली. तो दाना अजून देव्हाऱ्यात आहे, डबीत. अन् या साली खंडेनवमी आली... तुमाले अंदाज आलाच असन. म्या मशीनच्या भोकायवर फडकं गुंडाळून ठेवलं होतं. देवकानं ते काढलं. "देवीसमोर काय चिंधी पांघरून ठेवता जी?" अन् टाकल्या अक्षदा. मूठ नाई, ओंजळ! म्हने, "मांगच्या साली एका दान्यानं पलंग झाला. या साली पाळना कराचा आहे!"

हो जी, पाळना. कोकिळा पयल्या बाळंतपनाले आली आहे माहेरी. नववा लागला. आज्यानं पाळना करा लागते का नाई? पलंग बापाचा, पाळना आज्याचा. पट्ट्या रंधून ठेवल्या, छत्तीस भोकं बाकी आहे. म्या म्हनलं, टाक बाई, किती टाकतेस तितक्या टाक, मले इलाज ठाऊक आहे. दसरा झाला का मशीन उलटं कराचं, दोन थापा माराच्या, झालं. अन् निवांत मनानं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आष्टीले गेलो, पाळन्याच्या पितळी कड्या आनाले. मुक्काम पडला तिथी. आज सकाळी घरी आलो, तं हा तानबा दारात उभा. बोल ना रे, सांग, मान खाली काऊन घातली? याले घरच्या लाकडी फळीले भोक पाडाचं होतं म्हने. मी घरी नाई, यानं मशीन उचललं, बटन दाबलं... घुर्र... कट्!

बरं, दाबलं तं दाबलं, ठेवून देनार का नाई? यानं बलावलं महादेवरावले. त्यानं कानाले लावलं, डोये मिटले. "कारबन गेले." अन् म्हने, "मांगच्या साली बिचाऱ्या नत्थूजीले लय चकरा पडल्या. या साली त्यायले तरास नको." अन् दोन्ही कारबन काढून, कागदात बांधून, काल सकाळच्याच गाडीच्या कंडक्टरपाशी लक्ष्मणरावकडे धाडून देल्ले! स्प्रिंगसकट! मी येऊन पाहतो तं मशीन रिकामं. उलटं केलं, तं ओंजळभर अक्षदा निंगाल्या, चिमन्यायले टाकल्या. पन आता कारबन कुठून आनू?

म्हनून बसलो जी इथी. मशीन संगच घेतलं, जिथी कारबन हाती येतीन तिथीच बसवतो, आता कोनाच्या हाती देत नाई. आजवर सारी दुनिया मले म्हने नमुना आना, नमुना आना, आज पयल्यांदा मी खरंच नमुना आनाले चाललो. अन् घाई एवढ्याचसाठी का आज मंगळवार, लक्ष्मणरावचा तो मानूस दुपारच्या गाडीनं वर्ध्याले निंगते, त्याच्या आत आर्वी गाठली म्हनजे...

काय म्हनता?

बुधवार? आज? नाई जी, दसरा आइतवारी नोता काय? सोमवारी होता? खरंच रे तानबा? म्हनजे मी आष्टीले गेलो तो मंगळवार... अन् महादेवरावनं कारबन धाडले ते काल... काल सकाळी... हं.

ते पाहा, गाडी आली. चला. नाई नाई, आर्वीले नाई उतरत आता, तिथी काय आहे? जरा सरका जी, मले खिडकीजवळ बसू द्या, हेच गाडी पुढं वर्ध्याले जाते, तिथपर्यंत जायचं आहे. तानबा, तू घरी जाय अन् देवकाले सांगजो, नत्थूजी विमलाबाईकडे गेले म्हना. अन् परवापर्यंत आले नाई, तं नागपूरले गेले समजजो म्हना. अन् कोकिळाले म्हना... काई घाई करू नको म्हना बाई, नमुना निंगाला आहे.